टोप्यांचं गाव

या गावानं एके काळी अख्ख्या इंग्लंडला टोप्या घातल्या.
हे वाक्य मराठीत का हसवतं
ते मॉरीनला समजावण्यात माझ्या जेवणाच्या दोन सुट्ट्या गेल्या.
तिची आजी गवती वेण्यांच्या हॅट शिवायची,
बोटं बारा महिने भेगाळलेली.
म्हणजे तुमच्या भाषेत माझी आजी लबाड? म्हणाली,
आणि खोकला येईपर्यंत हसली.

आता लूटनमध्ये विमानतळाच्या कुंपणाला लागून आमची शेड आहे.
पदवीदानाचे झगे आणि चौकोनी टोप्या, भाड्यानं.
झगा बहुतेकांचा एकच, काळा.
पाठीवरचा रेशमी पट्टा तेवढा ज्याचा त्याचा.

रॅक नऊ, दगडी कमानींचं विद्यापीठ:
त्याची खोकी नवा पोरगा डीन
नकळत दोन्ही हातांनी उचलतो.
रॅक एकवीस, आमच्या गावचं:
पायानं सरकवतो.
मी पाहिलंय, बोलले नाही.
मीही दर वेळी वाकत नाही.

काय केलंय त्यानं कुणाचं?
आधी तंत्रशाळा होती, संध्याकाळची.
कारखान्यातून सुटलेली माणसं हात धुऊन वर्गात बसायची.
मग सरकारनं एक दिवस पाटी बदलू दिली
आणि तेव्हापासून लोक पाटीकडेच बघतात,
उतारवयात लग्न केलेल्या बाईच्या
नव्या मंगळसूत्राकडे बघावं तसे.
टीव्हीवरचे विनोदवीर नुसतं नाव घेतात,
पुढं काही बोलावं लागत नाही.
फी मात्र कमानींइतकीच, पौंडाला पौंड.
सगळ्यांना आत घेतात ना, म्हणून, रुखसाना म्हणते.
ज्या दाराला उंबरा नाही तिथं कोण वाकणार?
तिची अनीसा तिथंच सुईणीचं शिकली.
डीनची मुलगी गेल्या थंडीत तिच्याच हातात रडली पहिल्यांदा.
डीनला माहीत आहे. तरी पाय तो पाय.

मिल्टन कीन्सला मंडळाच्या गणपतीत
ठकारबाईंनी मोदक वाढता वाढता विचारलं,
ईशान कुठं असतो हल्ली?
लंडनच्या जवळच.
जवळच म्हणजे?
लूटन.
हो का.

त्या 'का'पुढं प्रश्नचिन्ह नव्हतं.
मिस्टर ठकार म्हणाले, नावातच लूट आहे हो,
पंगत हसली, मीही हसले, आधी मीच.
माझ्या मोदकावर तूप जरा जास्त पडलं,
आजाऱ्याच्या ताटात पडतं तसं.

तो सूर मी ओळखला. घरचाच होता.
अनीसाचं कॉलेज कळलं तेव्हा
रुखसानाला मीच म्हटलं होतं, हो का.
आणि मी कोण, तर बहिःस्थ बी.ए.
फलटणला पोस्टानं नोट्स यायच्या,
विद्यापीठाची इमारत मी पाहिली ती परीक्षेच्या पावतीवर, शिक्क्यात.
लग्नपत्रिकेत वडिलांनी बी.ए. छापलं, बहिःस्थ गाळलं.
एका शब्दाचा खर्च वाचला, असं ते म्हणायचे.

गुरुवारी रॅक एकवीसची यादी आली.
पोतनीस, आय.
उंची पाच-नऊ, डोकं सत्तावन्न सेंटिमीटर.
जन्मला तेव्हा चौतीस होतं, मला पाठ आहे.
जो झगा हाती लागला तो नुकताच कमानींकडून आलेला,
कॉलरवर कुणाच्या तरी महागड्या पावडरचा डाग.
ओल्या फडक्यानं पुसला, पुरता गेला नाही.
वरून इस्त्री फिरवली.
पट्टा लावला, पिन अडकवली,
खोकं बंद करून मग पुन्हा उघडलं,
कशासाठी ते आठवत नाही.

रात्री त्याचा फोन.
आई, दोन तिकिटं मिळालीत. ये.
पण तिथं मध्येच उठून
कुणाच्या टोप्या सरळ करत बसू नकोस.

बघते, म्हटलं.